शेवटच्या रकान्यातले चार

नाशिक, द्वारका
१२ जानेवारी २०२५

ती. उज्वलाताई,
सा. न.

पत्र बघून दचकू नका. इथे सगळं ठीक आहे. आईंचं बीपी ताब्यात आहे, गोळ्या वेळेवर घेतात, अधूनमधून माझ्यावर रुसतात तेवढंच. पत्र लिहायचं कारण एवढंच की तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मला जे विचारायचं आहे ते ओट्यापाशी उभ्या असलेल्या तुमच्या सुनेने, पेपर वाचणाऱ्या दाजींनी आणि दूध घालायला आलेल्या माणसाने ऐकावं असं नाही.

मिक्सर-पंख्यांची परीक्षणं लिहायची माझी नोकरी गेल्या मेमध्ये सुटली आणि जूनमध्ये दुसरी लागली, हे तुम्हाला माहीत आहे. काय काम करते ते मी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. आता सांगते. ‘निवांत’ नावाची एक वेबसाइट आहे. तिच्यासाठी मी मोठ्या माणसांच्या खासगी वापराच्या वस्तूंची परीक्षणं लिहिते. खासगी म्हणजे शरीरसुखाच्या. चार्जिंगच्या, बॅटरीच्या, जेल, तेलं, सगळं. वस्तू घरी येतात, मी वापरून बघते आणि पाचपैकी तारे देते. मराठीत लिहिणारी मी एकटीच आहे. आईंना वाटतं मी अजून मिक्सरच तपासते. शेजारच्या झुंबरबाईंना त्या परवा अभिमानाने सांगत होत्या, "आमनी सून मशिनी पास-नापास करस." ते काही खोटं नाही.

हे लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. हल्ली बरंच काही वाटत नाही.

आता कामाचं. तारे कसे द्यायचे याला आमच्याकडे काही धरबंध नाही. इंग्रजीतली एक बाई डबी सुंदर होती म्हणून पाच देते, हिंदीतली कुरियर उशिरा आला म्हणून दोन. आमचा संपादक योगेश, पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा मुलगा, म्हणाला, "मॅडम, निकष तुम्ही बनवा. न्याय्य पाहिजेत आणि कुणालाही कळले पाहिजेत." मार्चअखेरपर्यंत करून दिले तर मराठी विभाग राहील, नाहीतर बंद. मला निकष करता येत नाहीत. पण चौदा वर्षं बोर्डाचे पेपर मॉडरेट केलेली बाई माझ्या ओळखीची आहे. तुम्ही प्रफुल्लची मोठी बहीण आहात आणि मी त्याची बायको, हे मधे येत असेल तर पत्र फाडून टाका. मी काही बोलणार नाही.

उत्तर पोस्टानेच पाठवा.

मनाली

*

नामपूर
१९ जानेवारी

चि. मनाली,
आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं, मग साड्यांखाली ठेवलं. मग आठवलं की सूनबाई माझ्या साड्या इस्त्रीला काढते. आता ते माझ्या जुन्या हजेरीपटात आहे. तिथे कुणी हात घालत नाही.

राग आला होता, खोटं कशाला सांगू? वाटलं, माझ्या भावाच्या घरात असल्या वस्तू! मग वाटलं, प्रफुल्ल असता तर हसून लोळला असता आणि मला चिडवायला पहिला फोन केला असता. तेव्हा राग गेला. आता शाळा सुरू. खडू-डस्टर घेऊन बस.

बोर्डात परीक्षक पेपर तपासतो आणि त्याने नीट तपासले की नाही हे मॉडरेटर तपासतो. ते माझं काम. एवढ्या वर्षांत मला दिसलं ते असं की परीक्षक लबाड थोडे असतात, दमलेले फार. दमलेल्या माणसाच्या हातूनही न्याय व्हावा म्हणून तर गुणदान योजना करतात. ‘छान’ हा निकष नाही. ‘आवाज कमी’ हाही नाही. कमी म्हणजे किती? एकीच्या घराला विटांची भिंत, दुसरीच्या घरात पत्र्याचं पार्टिशन. असं लिही: दार लावून, पंखा दोनवर ठेवून, वस्तू पांघरुणाखाली चालू केली, तर दाराबाहेर ऐकू येते का? येत नाही, पूर्ण गुण. दाराला कान लावल्यावर येते, अर्धे. चार पावलांवर येते, शून्य. हे वाचून दोन अनोळखी बायका एकाच आकड्यावर आल्या पाहिजेत. नाही आल्या तर खोट निकषात आहे, बायकांत नाही.

डबीला गुण नाहीत. सुंदर अक्षराला आम्ही देत नव्हतो. कुरियरच्या उशिराचा राग वस्तूवर काढायचा नाही. फुकट आलेल्या वस्तूपुढे ‘फुकट आली’ असं लिहायचं, तेही वर, ठळक. आमच्याकडे मुलाचा नंबर झाकून पेपर यायचा, तसं कंपनीचं नाव झाकता आलं तर बघ. धुता येते का, एकदा चार्ज केल्यावर किती चालते, कशाची बनवली आहे ते छापलंय का, वास येतो का, माहितीपत्रक माझ्यासारख्या बाईला समजेल का, हे सगळं मोजता येतं. राहता राहिला शेवटचा रकाना, की वापरून काय जाणवलं. त्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. तुझे आतापर्यंतचे तक्ते पाठव. सगळे पाठव, निवडून नको.

हे विचारत होते, कुणाचं पाकीट. म्हटलं, मनालीचं, परीक्षेचं काम आहे. म्हणाले, "आता कसली परीक्षा देते ती?" म्हटलं, "देत नाय, घेते." त्यावर पेपर वर गेला आणि संभाषण संपलं.

आईला विचारलं म्हणून सांग.

उज्वला

*

नाशिक
२ फेब्रुवारी

ती. ताई,
सा. न.

तुम्ही सांगितलं तसं केलं. आवाजाची परीक्षा घ्यायला पांघरूण, पंखा दोनवर, दार बंद, आणि मी बाहेर पॅसेजमध्ये कान लावून उभी. आई मागून आल्या. "हाई काय वाजस वं आत?" म्हटलं, "पंखा, आई." त्या म्हणाल्या, "तेल टाक त्यानामा." त्या वस्तूला अर्धे गुण दिले.

धुण्याचा निकष असा केला: नळाखाली धरता येते, पूर्ण. ओल्या कापडाने पुसायची, अर्धे. खाचेत घाण राहते, शून्य. माहितीपत्रक सुरतच्या एका कंपनीने मराठीत छापलंय. त्यात लिहिलंय, ‘यंत्र आपल्या इच्छित स्थळी सावधपणे उपस्थित करा.’ शून्य दिलं. कंपनीचं नाव झाकायला वेदिकाला लावलं. ही योगेशच्या ऑफिसातली मुलगी. ती आता डब्यांतून काढून साध्या पुड्यांत वस्तू पाठवते, वर नुसता नंबर.

योगेश खूश आहे. म्हणाला, "एकदम क्लिअर झालं मॅडम, हे आपण चारही भाषांना लावू." मी ‘बरं’ म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही खूश नाही वाटत?" मी खूश आहे असं सांगितलं.

जूनपासूनच्या एक्केचाळीस वस्तूंचे तक्ते सोबत आहेत. शेवटच्या रकान्यात मला योग्य वाटला तो आकडा दिला आहे. त्याचा निकष तुम्हीच सुचवा.

मनाली

*

नामपूर
११ फेब्रुवारी

मनाली,

तक्ते पाहिले. जेवण झाल्यावर बसले आणि तासाभरात उठले, कारण पुढे बघायची गरज उरली नाही.

शेवटच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा चार आहेत. खाली तुझी वर्णनंही वाचली. ‘सुखद अनुभव’, ‘आरामदायी अनुभव’, ‘समाधानकारक’. तीन शब्द फिरवून फिरवून वापरले आहेत. बाई, मी हे ओळखते. एका वर्षी माझ्याकडे पुंजा सरांचा गठ्ठा आला होता. साठ मुलं, निबंधाला साठही जणांना दहापैकी सहा. मुलगा पावसाळ्यावर लिहो की मोबाइलवर, सहा. म्हणजे सरांनी निबंध वाचलेच नव्हते. सहा दिले की कुणी ओरडत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी तसं लिहून दिलं आणि बोर्डाने त्यांचं परीक्षकपद काढलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मुलांचं वाटलं.

तू त्या वस्तू वापरल्याच नाहीस. आवाज मोजलास, धुऊन बघितलंस, तेवढंच. लाज वाटली असेल, समजू शकते. मग तसं लिहायचं. आमच्या घरचं नाव लावतेस आणि न वाचता गुण देतेस? तुझ्या चारावर भरवसा ठेवून कुणी एक बाई घरच्यांपासून लपवून ती वस्तू मागवत असेल, याचा विचार केलास का?

कडक लिहिलं आहे. तक्ते परत पाठवते आहे. ते पुन्हा भर.

उज्वला

*

नाशिक
२३ मार्च

ती. ताई,

तुम्ही लिहिलंत तसं नाही.

उत्तराला सहा आठवडे लागले, कारण तुमचं पत्र वाचून मला राग यायला हवा होता. तो येईल म्हणून थांबले. आला नाही.

एकूण एक वस्तू मी वापरली, माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे. दुपारी आई झोपल्या की दार लावून, घड्याळ लावून, वीस-वीस मिनिटं. वस्तू चालू असायची. ती चालू आहे हे हाताला कळायचं, फ्रीजवर हात ठेवल्यावर कळतं तेवढं. त्यापलीकडे काही नाही. सुख नाही, त्रास नाही, लाजही नाही. घड्याळ वाजलं की मी ती धुवायची, पुसायची, धुण्याच्या रकान्यात गुण भरायचे. मग शेवटचा रकाना यायचा. पाच दिले तर जाहिरात वाटेल. शून्य दिलं तर वस्तूवर अन्याय, तिचा काय दोष? म्हणून चार. चाराला कुणी का म्हणून विचारत नाही. तुम्ही विचारलंत.

प्रफुल्ल गेल्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून असं आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, दुःखाने होतं, मनासाठी चालू असलेल्या तुमच्या गोळ्यांनीही होतं, थोडी वाट बघा. वाट बघणं मला जमतं. चहा गरम आहे हे मला जीभ पोळल्यावर कळतं. तेराव्याला तुम्ही माझ्या गळ्यात पडून रडलात, तेव्हा मी तुमच्या ब्लाउजची उसवलेली शिवण बघत होते. हे एकदा तुम्हाला सांगायचं होतं. लोकांना वाटलं मी धीराची आहे.

ही नोकरी घेतली तेव्हा मनात होतं की काहीतरी जाणवेल. निदान घाण तरी वाटेल. तेही झालं नाही.

तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंत ती बाई खरंच आहे. मागच्या सोमवारी तिचा मेसेज आला. नाव नाही, फक्त ‘दिंडोरी’. द्राक्षाच्या पॅकिंगला जाते. तिने लिहिलं ते जसंच्या तसं देते: ‘मॅडम, तुमचं वाचून सतरा नंबरची वस्तू मागवली. मैत्रिणीच्या पत्त्यावर. तुम्ही चार दिले होते. मला कायच झालं नाय. तीनदा बघितलं. आधी वाटायचं नवऱ्याचं चुकतंय. आता कळलं, खोट माझ्यातच हाय. तेवढं विचारायचं होतं, यावर डॉक्टर असतो का.’

मी हे दोनदा वाचलं आणि भाजी चिरायला घेतली. ताई, माझ्या खोट्या चारामुळे एका धडधाकट बाईला आपण मोडक्या आहोत असं वाटतंय. मला याचं काहीतरी वाटायला हवं. वाटत नाही, पण ते चूक आहे एवढं कळतं.

मार्चअखेर आठ दिवसांवर आहे. खरं सांगितलं तर एक्केचाळीस परीक्षणं खोटी ठरतात आणि हे काम जातं. नाही सांगितलं तर तिला काय उत्तर देऊ?

मनाली

*

नामपूर
२७ मार्च
स्पीड पोस्टाने

मनाली,

माझं चुकलं. तुला मी न वाचता गुण दिले.

तुझं पत्र वाचल्यावर पुंजा सरांचीही आठवण आली. साठ वेळा सहा का दिले, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. तक्ता बघितला आणि निकाल लावला. त्यांना काय झालं होतं कोण जाणे. आता विचारायला ते नाहीत.

आधी तुझ्या रकान्याचं सांगते, कारण ते मला येतं. मूल परीक्षेला बसलं आणि कोरा पेपर दिला तर शून्य. मूल आलंच नाही तर शून्य लिहीत नाहीत, गैरहजर लिहितात. निकालपत्रात दोन्ही नापासच दिसतात, पण मॉडरेटरला फरक माहीत असतो. शून्य म्हणजे येत नाही. गैरहजर म्हणजे त्या दिवशी नव्हतं, का ते ठाऊक नाही, पुढच्या खेपेला येईल किंवा येणार नाही. तू त्या रकान्यात गैरहजर होतीस. तसं लिहायचं होतंस. तुला लिहायला जागाच ठेवली नव्हती, हा निकषाचा दोष. शून्य ते पाच एवढेच आकडे असलेल्या तक्त्यात ‘काही जाणवलं नाही’ असं म्हणायचं कुठे? मग बाई चार लिहिते.

तेव्हा निकष असा कर. शेवटच्या रकान्याला तारे नाहीत. एका बाईचं मत छापायचं नाही, दहा-बारा जणींचं घ्यायचं आणि कितीजणींना काय जाणवलं ते नुसतं मोजून सांगायचं. ‘काही जाणवलं नाही’ हे उत्तर इतर उत्तरांच्या रांगेत, त्याच अक्षरात. खाली कोपऱ्यात नको.

आता त्या दिंडोरीच्या बाईचं. तिला आज लिही. योगेशच्या आधी. तिला म्हणावं, तो चार खोटा होता, देणारीलाही काहीच झालं नव्हतं. मग योगेशला लिही. काम गेलं तर गेलं. इथे ये, खोल्या रिकाम्या आहेत, आईलाही घेऊन ये.

शिवणीचं वाचलं. ती साडी मी त्यानंतर नेसलेच नाही. उसवलेलं मला आज कळलं. तू रडली नाहीस याचा मी तीन वर्षं मनात राग धरला होता. हे लिहिताना रडते आहे, दोघींच्या वाट्याचं.

उज्वला

*

नाशिक
१८ मे

ती. ताई,
सा. न.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

दिंडोरीच्या बाईला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळवलं. मेसेज पोचला, तिने वाचला, तशी खूण दिसते. उत्तर आलेलं नाही. रोज सकाळी बघते.

योगेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं धरू. चार काय वाईट आहेत?" मी म्हटलं, मी आधीच लिहून टाकलंय. एक्केचाळीस परीक्षणांतला शेवटचा रकाना काढून तिथे माझ्या नावाने एक ओळ टाकली होती: ‘परीक्षकाला काही जाणवलं नाही, आधीचा आकडा चुकीचा होता.’ तो चिडला. वस्तू बनवणाऱ्या दोन कंपन्याही चिडल्या. योगेशने परीक्षणाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मला धक्का बसला नाही, तो बसायचा असेल तर नंतर बसेल.

पण विभाग बंद झाला नाही. त्या एका ओळीखाली बायका लिहायला लागल्या. पहिल्या आठवड्यात एकोणनव्वद जणी. बहुतेकींनी नाव लिहिलं नाही. ‘मलापण नाही.’ ‘मला वाटलं मीच.’ एकीने नुसतं ‘हो’ लिहिलंय. योगेशने ते सगळं वाचलं आणि मला फोन केला. म्हणाला, "मॅडम, फॉर्म तुम्ही बनवा. तपासू नका, फक्त बनवा." तेवढं काम माझ्याकडे आहे.

फॉर्म सोबत पाठवते. बारा जणींकडे पुड्या जातील, प्रत्येकीबरोबर हा कागद. नाव लिहायला जागा ठेवलेली नाही, मुद्दाम. वस्तूबद्दलचे प्रश्न मागच्या पानावर आहेत. पुढच्या पानावर वस्तूच्या आधी बाईबद्दल विचारलं आहे, कारण तिला मुळात काय जाणवतं हे कळल्याशिवाय वस्तूला बरं-वाईट म्हणता येत नाही. भाषा सोपी आहे का, कुठे अडखळायला होतं का, एवढंच बघा. तुम्ही बघितल्याशिवाय छापणार नाही.

आई बऱ्या आहेत. काल त्यांनी विचारलं, "आते मशिनी नई येतस का?" म्हटलं, आता मी प्रश्नपत्रिका काढते. त्यांना ते जास्त आवडलं.

मनाली

*

नामपूर
२ जून

चि. मनाली,
आशीर्वाद.

फॉर्म वाचला. भाषा सोपी आहे. दुसऱ्या प्रश्नात ‘संबंध’ लिहिलं आहेस, त्यापुढे ‘नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी’ असं घाल, नाहीतर बायका नात्यागोत्याचं समजून सासूबद्दल लिहितील. चौथ्यात दोन प्रश्न एकत्र झालेत, ते वेगळे कर. बाकी ठीक.

तिसऱ्या प्रश्नाशी अडखळले. ‘तुम्हाला आजवर सुख जाणवलं आहे का? नेहमी, कधी कधी, पूर्वी जाणवायचं, कधीच नाही. एका उत्तरापुढे खूण करा.’ भाषेत काही चूक नाही. चार दिवस तो कागद हजेरीपटात होता आणि मी त्यात चूक शोधत होते.

माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हे माणूस म्हणून वाईट नाहीत, तुला माहीत आहे. कधी हात उगारला नाही, शब्द वाकडा नाही, माझ्या नोकरीला कधी आडवे आले नाहीत. कुणी विचारलं असतं तर मीही चार दिले असते. पण असं कुणी विचारलं नाही. यांनी नाही, आईने नाही, डॉक्टरने नाही. आणि मी हजारो पोरांना प्रश्न विचारले, स्वतःला हा एक विचारला नाही. वाईट वाटतंय का, ते मला अजून सांगता येत नाही.

त्या प्रश्नाच्या चौथ्या उत्तरापुढे खूण केली आहे. कागद सोबत परत पाठवते. तुझ्या बारा जणींत मला धर, नाहीतर तेरावी धर.

नावाला जागा ठेवली नव्हतीस. मी वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं आहे.

उज्वला